जुनी शार्पी उघडण्याआधी: मूव्हिंग हेड दुरुस्तीचा क्रम

गणपतीला पंधरा दिवस उरले की बेळगावच्या शहापुरात माझ्या टेबलाशेजारी मूव्हिंग हेडची, म्हणजे डोकं फिरवत बीम मारणाऱ्या स्टेजच्या लाइटींची, रांग लागते. कुणी खानापूरहून आणतो, कुणी निपाणीहून, कुणी येळ्ळूरहून गाडीच्या पाठीमागे पोत्यात गुंडाळून. त्यातल्या बऱ्याच लाइटी आधीच कुणीतरी उघडलेल्या असतात. दोन स्क्रू गायब, एक मॅग्नेट हरवलेला, लॅम्प नवा टाकलेला आणि तोही काळवंडलेला. मूळ बिघाड बहुतेक वेळा लहान असतो. चुकीच्या जागी आधी हात घातला की तो वाढतो. लॅम्प लागत नाही म्हणून लॅम्प बदलला, तरी लागेना म्हणून बॅलास्ट (लॅम्प पेटवणारा आणि चालवणारा भाग) बदलला, आणि शेवटी सापडतं काय, तर धुळीने जाम झालेला पंखा.

खाली दिलेला क्रम आपल्याकडे सगळ्यात जास्त फिरणाऱ्या २०० वॅट ५आर आणि २३० वॅट ७आर (हे लॅम्पचे प्रकार) बीमसाठी आहे. या लाइटींना आपली पोरं सरसकट शार्पीच म्हणतात. एलईडी मूव्हिंग हेड असेल तर लॅम्पचा टप्पा सोडा, बाकीचं जवळपास तसंच लागू पडतं. वीज, केबल, सफाई, पंखे, पट्टे, सेन्सर, सप्लाय आणि सगळ्यात शेवटी लॅम्प, हा क्रम मोडू नका.

## १. टेबल आधी मांडा

लाइट उघडल्यावर स्क्रूड्रायव्हर शोधायला उठलात की तेवढ्यात काहीतरी हरवतं. म्हणून आधी हे जवळ घ्या: मल्टिमीटर, फिलिप्स आणि ॲलन की, मऊ ब्रश, हाताचा ब्लोअर, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं मायक्रोफायबर कापड, कापसाच्या काड्या, हातमोजे, डोळ्यांना चष्मा, खात्रीची एक डीएमएक्स केबल (कंट्रोलरचे हुकूम लाइटीपर्यंत नेणारी), आणि १०० वॅटचा फिलामेंट बल्ब लावलेला सिरीज बोर्ड, म्हणजे ज्यात वीज बल्बमधून होऊन लाइटीला जाते तो. स्क्रूसाठी अंड्यांचा ट्रे उत्तम. एका खळग्यात एका कव्हरचे स्क्रू, ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने. टेबलावर पांढरी चादर अंथरा. खाली पडलेला बारीक मॅग्नेट किंवा वॉशर तिच्यावर लगेच दिसतो.

कुठलाही कनेक्टर काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. जवळून एक, लांबून एक. दोन सारखे चार पिनचे कनेक्टर शेजारीशेजारी असतात आणि एकाच्या जागी दुसरा बसवला की कलर व्हीलची (रंगीत काचांचं चाक) मोटर गोबोच्या (नक्षी पाडणारी चकती) हुकमावर फिरायला लागते.

सावध: प्लग काढल्यावर लगेच हात घालू नका. लाइट चालू असेल तर थंड व्हायला किमान अर्धा तास द्या. बॅलास्ट आणि पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या आसपास डीसी साठून राहू शकतं. मीटर डीसीवर ठेवून मोजा. उरलेलं दिसलं तर बल्बच्या दोन वायरी टेकवून उतरवा आणि पुन्हा मोजा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडायची सवय सोडून द्या. त्यात कपॅसिटर जातो आणि कधी डोळाही जातो.

## २. न उघडता एक रीसेट बघा

या टप्प्याला पाच मिनिटं लागतात आणि नेमका हाच सगळे गाळतात.

आधी पॅन (हेडचं आडवं फिरणं) आणि टिल्टचे (वर-खाली होणं) लॉक उघडे आहेत का हे हाताने बघा. गाडीतून आणताना लॉक लावलेलं असतं. तसंच चालू केलं तर मोटर जोर लावते, पट्टा दात सोडतो आणि डिस्प्लेवर पॅन एरर येते. अशा लाइटी «मोटर गेली» म्हणून माझ्याकडे आल्या आहेत. लॉक उघडलं आणि चालू झाल्या.

आता वीज देऊन मेनूत जा, चालू होताच लॅम्प लागण्याची सेटिंग बंद करा आणि प्लग काढा. मग प्लग पुन्हा लावा, हात मागे घ्या आणि फक्त ऐका. रीसेटमध्ये प्रत्येक व्हील, प्रिझम, फोकस, पॅन, टिल्ट आपापली जागा शोधतं. ठरावीक वेळात थांबलं तर ठीक. टकटक असा एकसारखा आवाज येत राहिला तर पट्टा किंवा अडथळा. व्हील गोल गोल फिरतच राहिलं तर त्याला आपली सुरुवातीची जागा सापडत नाही, म्हणजे सेन्सर किंवा मॅग्नेट. हलकी गुणगुण पण हालचाल नाही, तर मोटरची वायर, ड्रायव्हर (मोटर चालवणारी आयसी) किंवा जाम बेअरिंग.

डिस्प्लेवर आलेली एरर आहे त्या शब्दांत वहीत लिहा. लॅम्पचे तासही लिहून घ्या.

तपासा: डिस्प्लेच लागत नसेल तर आधी मागचा फ्यूज. तो काळा उडालेला असेल तर नवा टाकून लगेच चालू करू नका, थेट आठव्या टप्प्याकडे जा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली दिसली तर ती लाइट कुणीही सांगो, आधी योग्य फ्यूज बसवल्याशिवाय हातात घेऊ नका.

## ३. दोष लाइटचा की मांडवाचा?

टेबलावर नीट चालणारी लाइट जत्रेत जाऊन वेड्यासारखी हलते, तेव्हा बिघाड बहुधा बाहेर असतो.

जनरेटरवर प्रत्येक सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल मोजा, २३० च्या आसपास हवं. सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे थ्री फेजचा सैल न्यूट्रल. तो सुटला की एका फेजवरच्या लाइटींना कमी आणि दुसऱ्या फेजवरच्यांना ३०० च्या वर व्होल्ट जाऊ शकतात, आणि एका क्षणात रांगेने सप्लाय उडतात. म्हणून लाइटी जोडण्याआधी न्यूट्रलचा स्क्रू स्वतः घट्ट करा, जनरेटरवाल्याच्या शब्दावर सोडू नका. लोड पडल्यावर पुन्हा एकदा मोजा. अर्थिंगची वायर कापून टाकलेला प्लग दिसला तर तो बदला. ट्रस लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा आणि खाली पावसाने भिजलेली जमीन, अशा ठिकाणी अर्थिंग हीच माणसाची राखण.

डीएमएक्सचं म्हणाल तर माइकची केबल चालते असं सगळे म्हणतात. दोन लाइटींना, थोड्या अंतरावर, चालतेही. पण लांब रांग झाली की सिग्नल केबलच्या टोकावर आपटून परत येतो आणि लाइटी झटके देतात. १२० ओमची डीएमएक्स केबल वापरा. शेवटच्या लाइटच्या आउटमध्ये टर्मिनेटर लावा. रिकाम्या एक्सएलआर प्लगमध्ये (डीएमएक्स केबलच्या टोकाला असतो तो) पिन २ आणि ३ च्या मध्ये १२० ओमचा रेझिस्टर सोल्डर केला की झाला. एका लाइनवर ३२ पेक्षा जास्त लाइटी नकोत, त्यापुढे सिग्नल वाटून देणारा स्प्लिटर. एकाची दोन टोकं करणाऱ्या वाय केबलने लाइन फोडू नका.

ॲड्रेसही, म्हणजे प्रत्येक लाइटचा पहिला चॅनेल नंबर, बघून घ्या. १६ चॅनेलच्या मोडवर पहिली लाइट १, मग १७, ३३, ४९ असं पुढे. एका लाइटचा मोड चुकून २० वर गेला की ती आपल्या शेजारणीचे चॅनेल खाते आणि दोष मात्र केबलला लागतो.

पूर्ण रांग बिघडली असेल तर मधून तोडा. पहिल्या अर्ध्या भागाला टर्मिनेटर लावून चालवा. नीट चालला तर दोष दुसऱ्या भागात, नाहीतर पहिल्यात. पुन्हा अर्धं करा. आठ लाइटींत तीन वेळा तोडलं की दोषी लाइट सापडते. बऱ्याचदा तिच्या बोर्डावरची ७५१७६ किंवा ४८५ जातीची छोटी आठ पायांची आयसी गेलेली असते. ती स्वस्तात मिळते, तेवढ्यासाठी बोर्ड बदलू नका.

## ४. सफाई: इथे घाई केली की काच गेली

आपल्या भागातली धूळ साधी नसते. मिरवणुकीतला गुलाल, यल्लम्मा आणि मायाक्काच्या जत्रेतला भंडारा, उन्हाळ्यातली लाल माती, आणि त्यावर स्मोक मशीनच्या धुराचा चिकट थर. हे सगळं मिळून पंख्याच्या पात्यांवर आणि काचेवर पापडासारखं बसतं.

आधी कोरडी सफाई. हेडची कव्हरं काढा, ब्रशने धूळ सैल करा आणि ब्लोअरने आतून बाहेर उडवा. पंख्यावर हवा मारताना पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा पंखा हवेने भन्नाट फिरला की बेअरिंग खराब होतं आणि उलटी वीज तयार होऊन बोर्डाला जाऊ शकते. गॅरेजच्या कॉम्प्रेसरने हवा मारू नका. त्यात पाणी आणि तेल असतं आणि जोराने पातळ काचा क्लिपमधून निसटतात.

मग काचा. कलर व्हीलच्या काचांवर अतिशय पातळ थर असतो, रंग त्यातूनच येतो. तो नखाने, टिश्यूने किंवा घासणीने गेला की परत येत नाही. कापसाच्या काडीला किंचित अल्कोहोल लावा, मधून बाहेर गोल फिरवा, काडी मळली की टाकून द्या. एका काडीने सगळं व्हील पुसायला गेलात तर तीच घाण सगळ्या रंगांवर फिरते. लॅम्पजवळची उष्णता अडवणारी काच दोन्ही बाजूंनी पुसा. बीम पिवळट आणि कमजोर झाला म्हणून लॅम्प बदलणाऱ्यांनी आधी ही एक काच पुसून बघावी.

पुढची मोठी लेन्स सगळ्यात शेवटी, आतून आणि बाहेरून.

चुका ज्या रोज दिसतात: काच साफ करायचा निळा स्प्रे थेट हेडमध्ये मारणं. गाइड रॉडवर गंज काढायचा स्प्रे किंवा मशीनचं तेल मारणं. लॅम्पच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि लेन्सवर धुकं बसतं. फोकसच्या रॉडला वंगण लागलंच तर टेफ्लॉन ग्रीसचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका पुरे.

## ५. पंखे

प्रत्येक पंखा बोटाने फिरवा. अडकत फिरला, खरखर आली किंवा दांड्यात ढिलाई लागली तर बदला. तेल घालून चालवलेला पंखा ऐन कार्यक्रमात थांबतो. नवा घेताना आकार आणि व्होल्टेज बघताच, पण करंट आणि जाडीही तीच बघा. लॅम्पवर फुंकर घालणारा ब्लोअर पंखा वेगळा असतो, त्याच्या जागी साधा पंखा चालत नाही. हवेची दिशा दाखवणारा बाण कडेला असतो, बसवण्याआधी तो जुळवा.

लॅम्पजवळ एक थर्मल स्विच असतो. गरम झाला की तो लॅम्पची लाइन तोडतो. तो सारखा तोडतोय म्हणून काहीजण त्याला जम्पर मारतात. असं करू नका. तो तोडतोय याचा अर्थ आत हवा फिरत नाही. जम्पर मारलेल्या हेडमध्ये मी वितळलेले कनेक्टर आणि फुटलेला लॅम्प दोन्ही पाहिलेत.

## ६. पट्टे आणि मोटर

आर्मची (हेड धरणाऱ्या हातांची) कव्हरं काढून पट्ट्याचे दात पूर्ण लांबीभर बघा. एखादा दात झिजला असेल तरी पट्टा बदला. ताण कसा बघायचा? दोन पुलींच्या मध्ये बोटाने दाबा, थोडा दबला पाहिजे. दात सुटण्याइतका सैल नको आणि तारेसारखा ताठही नको. ताठ केला की मोटर गरम होते आणि स्टेप्स चुकवते, मग हेड हळूहळू जागा सोडतं.

मोटर मोजताना कनेक्टर काढून जोड्यांचा रेझिस्टन्स बघा. चार वायरच्या मोटरमध्ये दोन कॉइल, दोन्हींचं माप जवळपास सारखं हवं. तीन वायरच्या मोटरमध्ये कुठल्याही दोन वायरींमध्ये सारखंच माप येतं. एक कॉइल उघडी दिसली, म्हणजे मीटरवर माप आलंच नाही, तर आधी आर्ममधून जाणारी वायर हलवून पुन्हा मोजा. हेड हजारो वेळा वाकतं, आतली तांब्याची तार तुटते आणि वरचं रबर शाबूत राहतं.

सावध: वीज चालू असताना मोटरचा कनेक्टर कधीही काढू नका, लावू नका. ड्रायव्हर आयसी तिथल्या तिथे जाते.

## ७. सेन्सर आणि तांदळाएवढा मॅग्नेट

व्हील फिरत राहतं, जागा सापडत नाही, एरर येते. बोर्ड बदलायला निघण्याआधी व्हीलच्या कडेला बघा. तिथे तांदळाच्या दाण्याएवढा मॅग्नेट चिकटवलेला असतो. तो समोरच्या हॉल सेन्सरजवळून (मॅग्नेट ओळखणारा सेन्सर) गेला की बोर्डाला «इथून सुरुवात» हे कळतं. उष्णतेने गोंद सुकतो, मॅग्नेट पडतो. पडला तरी फार लांब जात नाही. शेजारच्या मोटरच्या अंगाला किंवा एखाद्या स्क्रूच्या डोक्याला जाऊन चिकटतो. कडोलीच्या एका पोराची लाइट अशीच आली होती, दोन बोर्ड बदलून झालेले. टॉर्च मारली तर मॅग्नेट गोबोच्या मोटरच्या पाठीवर, गुलालाने लालभडक, म्हणून कुणाला दिसला नव्हता.

मॅग्नेट सापडला की लगेच चिकटवू नका. या लाइटींतले सेन्सर सहसा मॅग्नेटच्या एकाच तोंडाने काम करतात. सेन्सरच्या आउटपुटवर मीटर लावा, मॅग्नेट प्लॅस्टिकच्या चिमट्याने जवळ न्या. ज्या तोंडाने व्होल्टेज शून्याकडे पडतं ते तोंड सेन्सरकडे. मार्करने खूण करा. दोन्ही तोंडांनी काहीच बदललं नाही तर सेन्सर गेलाय किंवा त्याला ५ व्होल्ट पोचत नाहीत, वायर बघा.

चिकटवायला दोन ट्यूबचं इपॉक्सी वापरा आणि रात्रभर सुकू द्या. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ शेजारच्या लेन्सवर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते, आणि उष्णतेत तो पुन्हा सुटतो.

पॅन-टिल्टला बारीक खाचांची चकती आणि तिच्यावर ऑप्टिकल सेन्सर असतो. हेड थरथरत असेल किंवा धक्का लागल्यावर मूळ जागी येत नसेल तर ही चकती आणि सेन्सरचा खोबणीतला भाग हवेने आणि कोरड्या काडीने साफ करा. चकती वाकवू नका.

## ८. पॉवर सप्लाय

फुगलेला किंवा तळाशी ओलसर दिसणारा कपॅसिटर बदला. व्होल्टेज आणि मायक्रोफॅरड तेच, १०५ डिग्रीचा, लो ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेला). अधिक-उणे बघून बसवा.

बॅलास्टची लाइन काढून सप्लाय सिरीज बोर्डावर लावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जा. भकाभका जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, थेट विजेवर लावू नका. सिरीजवर रीसेटची परीक्षा मात्र घेऊ नका. मोटरी हलल्या की व्होल्टेज पडतं आणि नसलेल्या एरर दिसायला लागतात. थेट लाइनवर आल्यावर आउटपुट मोजा: लॉजिकचे ५, पंख्यांचे १२ किंवा २४, मोटरचे २४ किंवा त्याहून जास्त, बोर्डावर छापलेले असतात.

बॅलास्टची आतली दुरुस्ती शिकल्याशिवाय करू नका. लॅम्प पेटवताना तिथे काही हजार व्होल्ट तयार होतात.

## ९. लॅम्प, आता

इथवर सगळं नीट असेल तरच लॅम्पकडे या. नवा लॅम्प जुन्या पंख्यावर लावला तर तो नवा राहत नाही.

जुना लॅम्प काढून काचेचा गोळा बघा. फुगवटा, काळपटपणा किंवा दुधी डाग असेल तर तो बाद. या लॅम्पमध्ये पारा आणि प्रचंड दाब असतो. त्यामुळे हातमोजे आणि चष्मा घालूनच काम, आणि काढलेला लॅम्प डब्यात. फुटलाच तर खोलीची दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर जा, नंतर ओल्या कागदाने तुकडे गोळा करून डब्यात बंद करा. झाडू मारू नका.

नव्या लॅम्पच्या काचेला बोट लावू नका. लागलंच तर अल्कोहोलने पुसा. बोटाच्या तेलाचा डाग गरम होऊन काच तिथेच कमजोर होते. वायरीची टोकं काळी किंवा सैल असतील तर ती कापून नवी लावा. नवा लॅम्प लागत नाही याचं हे नेहमीचं कारण आहे.

कव्हर पूर्ण बंद केल्यावरच लॅम्प लावा. उघड्या हेडमधला प्रकाश डोळे आणि कातडी भाजतो. लाइट पांढऱ्या भिंतीपासून पाचेक मीटरवर ठेवा, सगळे गोबो आणि रंग बीमच्या आडून बाजूला करा. भिंतीवरचा प्रकाशाचा गोळा मध्ये आणि सगळीकडे सारखा दिसेपर्यंत लॅम्पमागचे स्क्रू पाव-पाव वळसा फिरवा. तेजाचा ठिपका एका कडेला राहिला तर तो गोबो जाळतो. शेवटी मेनूत लॅम्पचे तास शून्य करा.

लक्षात ठेवा: लॅम्प बंद झाला तर दहा-पंधरा मिनिटं परत लावू नका. लावल्यावर किमान पंधरा मिनिटं चालू राहू द्या. निवेदक बोलतोय म्हणून लॅम्प बंद-चालू करू नका, शटर बंद करा. कार्यक्रम संपला की आधी लॅम्प बंद, पंखे पाच-दहा मिनिटं चालू, मग वीज.

## १०. मांडवात आणि पावसाळ्यात

एका वर्षी नंदगडच्या बाजूला संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी मी सकाळीच सहा लाइटी स्टेजवर मांडल्या. हेड वर करून ठेवले आणि जेवायला गेलो. परत आलो तर एका हेडमधून जळक्या प्लॅस्टिकचा वास. वीज जोडलेलीही नव्हती. उघडून बघितलं तर आतल्या वायरीवर आणि व्हीलच्या कडेला चंद्रकोरीच्या आकाराची जळलेली रेघ, सूर्य जसा सरकला तशी. भिंगाने कागद जाळतात तसं पुढच्या लेन्सने ऊन गोळा करून आत जाळलं होतं. तेव्हापासून दिवसा उघड्यावर लाइट ठेवायची तर हेड खाली वळवतो आणि जाड कापडी खोळ घालतो. सहायकाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

टांगताना क्लॅम्प घट्ट आणि सेफ्टी वायर वेगळी, ट्रसभोवती फिरवून. एका क्लॅम्पच्या भरवशावर माणसांच्या डोक्यावर लाइट नको.

खानापूर, जांबोटीकडच्या पावसात बंद पेटीतल्या लेन्सवर बुरशी येते. जूनआधी साफ करून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून पेटी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून लॅम्पसह अर्धा तास चालवा. भिजलेली लाइट असेल तर कव्हरं काढून पंख्याखाली दोन-तीन दिवस सुकवा, मगच सिरीज बोर्ड.

दुरुस्त झालेली लाइट परत देण्याआधी मी दोन तास लॅम्प लावून पॅन-टिल्ट फिरवत ठेवतो. थंड असताना लपलेला दोष गरम झाल्यावर बाहेर येतो. मग बेसच्या खाली टेप लावून तारीख, लॅम्पचे तास आणि बदललेला भाग लिहितो. पुढच्या गणपतीला ती लाइट कुणाच्याही टेबलावर गेली तरी त्याला पहिल्या टप्प्यापासून अंदाज बांधत बसावं लागत नाही.